डाय कापायची घाई नको: मुंबईत नवी वस्तू बनवायला निघालेल्यांसाठी

दर पंधरा दिवसांनी एखादा फोन येतोच. "दादा, एक वस्तू डोक्यात आहे. डायला किती खर्च येईल?" डाय म्हणजे एकसारखे नग काढायचा पोलादी साचा. मी विचारतो, पहिला नमुना करायला घरात पुठ्ठा आहे का? समोरचा जरा हिरमुसतो. त्याला वाटतं मी टाळतोय.

माझी बारा वर्षं वसईच्या एका टूलरूममध्ये डाय बनवण्यात गेली. आता आम्ही चौघं मिळून शनिवारी दुपारी नव्या लोकांना हाताशी धरतो. एक लेथवाले काका आहेत, एक मुलगी कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढते, एकजण पॅकिंगच्या धंद्यातले आहेत आणि चौथा मी. येणाऱ्या प्रत्येकाला जे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, ते एकदाचं लिहून ठेवतोय. उदाहरणाला एकच वस्तू घेतो: लालबागच्या एका ताईंची खवणी.

अडचण एका वाक्यात लिहा

ताईंच्या सासूबाईंचे गुडघे गेलेले. विळीवर बसता येत नाही, आणि घर मालवणी, म्हणजे नारळाशिवाय पान हलत नाही. ओट्यावर चिकटणाऱ्या, दांडा फिरवायच्या खवण्या बाजारात मिळतात. ताईंनी त्या दोन आणल्याही होत्या. ओला ओटा आणि नारळाचं पाणी एकत्र आलं की त्यांचं रबरी बूड सुटतं. ताईंना हवी होती ओट्याच्या कडेला आवळून बसणारी, उभ्याने खवता येईल अशी खवणी.

कोणाला, कुठे, काय जमत नाही, एवढंच वहीत लिहायचं. "स्मार्ट किचन टूल" असं लिहून आणलेली वही मी परत देतो. ताईंचं वाक्य होतं: "आईंना उभ्याने, एका हाताने नारळ धरून खवता आला पाहिजे, आणि खवणी हलता कामा नये." पुढे जेव्हा जेव्हा वाद झाला, तेव्हा या वाक्यापाशी परत आलो.

मग मोजा

शंभरेक रुपयांची प्लास्टिकची चालेल, पण व्हर्निअर, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भागही दाखवणारी सरकती मोजपट्टी, विकत घ्या. फूटपट्टीने अंदाज लागतो, माप लागत नाही. ताईंनी स्वतःच्या चाळीतले आणि माहेरच्या इमारतीतले मिळून नऊ ओटे मोजले. साध्या ग्रॅनाइटची कड १८ मिलिमीटरच्या आसपास भरली. पुढे खालून दुसरी पट्टी चिकटवून कड जाड दाखवलेली असते, तिथे ती दुप्पट. जुन्या कडप्प्याची गोष्ट आणखी वेगळी, एकाच ओट्याची दोन टोकं सारखी निघेनात. म्हणजे खवणी ओट्याला आवळणाऱ्या शिकंज्याचं तोंड १५ पासून ४० मिलिमीटरपर्यंत उघडायला हवं.

खरा शोध मात्र वेगळाच लागला. नऊपैकी चार घरांत ओट्याखाली ट्रॉली होत्या. शिकंज्याचा स्क्रू खालून आवळायचा म्हटलं तर तिथे बोटं शिरायलाच जागा नाही. आमच्या डोक्यातलं चित्र तिथेच मोडलं. आवळणी वरून हवी हे कळायला एक पैसाही लागला नाही. लागल्या नऊ घरांतल्या नऊ कप चहा.

काम करून देणाऱ्या कारागिराच्या गाळ्यात गेल्यावर आणखी एक माप कानावर पडेल, सूत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३ मिलिमीटरहून जरा जास्त. "दो सूत ढीला रखूं?" असं विचारलं की गोंधळू नका. पण कागदावर नेहमी मिलिमीटरच लिहा.

पुठ्ठा, प्लाय, जुनी विळी

पहिला नमुना कुरूप असलाच पाहिजे. नमुना देखणा असला की लोक शिष्टाचार म्हणून चांगलं म्हणतात, आणि तुम्हालाही तो मोडवत नाही. ताईंनी जुन्या विळीचं खवणीचं पातं काढून प्लायच्या तुकड्यावर ठोकलं आणि सुताराच्या शिकंज्याने तो तुकडा ओट्याला बांधला. त्यावर तीन नारळ खवले. पातं सरळ आडवं असताना मनगट दुखत होतं. खाली पाचर सारून ते जरा वर उचललं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हां, आता हात बसला." तो कोन आम्ही शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजून घेतला. आजच्या खवणीत तोच आहे.

बाजाराची एक फेरी

कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढण्याआधी बाजार फिरून या, कारण बाजारात जे तयार मिळतं त्याभोवतीच वस्तू बेतावी लागते. तुम्हाला ७ मिलिमीटरचा बोल्ट हवा असेल आणि दुकानात ६ आणि ८ चे डबे भरलेले असतील, तर ड्रॉइंग बदला.

नट-बोल्ट, बेअरिंग, स्प्रिंग, हत्यारं यांच्यासाठी मस्जिद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीट. पितळ, तांबं, स्टेनलेसचे पत्रे आणि पाइप यांसाठी सी. पी. टँकजवळ गुलालवाडी आणि किका स्ट्रीट. विजेचं सामान असेल तर लोहार चाळ. सेन्सर, सर्किट, मोटर, बॅटरी असेल तर ग्रँट रोड पूर्वेला लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असलं तरी विचारताना सगळे लॅमिंग्टनच म्हणतात. लाकडासाठी रे रोड. चामडं, कापडी पिशव्या, शिवणकाम यांसाठी धारावी. मातीकाम असेल तर तिथलाच कुंभारवाडा. रविवारी यातलं बरंच बंद असतं, म्हणून मधल्या वारी आणि सकाळी अकराच्या सुमाराला जा. संध्याकाळी गिऱ्हाइकांच्या गर्दीत एक बोल्ट मागणाऱ्याकडे कोणी बघत नाही. लांब पट्ट्या घेतल्या असतील तर गाडीत मालडबा शोधा. साध्या डब्यात साडेसहाला सहा फुटी पट्टी घेऊन चढायचा प्रयत्न मी केलेला आहे.

स्टेनलेस घेताना एक सांभाळा. लवकर गंजणारा स्वस्त २०२ ग्रेड चांगल्या ३०४ च्या नावाने गळ्यात पडू शकतो. चुंबक लावून हा फरक कळत नाही, दोन्ही जवळपास सारखेच वागतात. ग्रेड ओळखायचं थेंबाचं रसायन मिळतं. मँगनीज जास्त असलेल्या २०० च्या घराण्यातल्या पत्र्यावर त्याचा रंग बदलतो. आणि धारेचा भाग ३०४ चा करू नका. ते तापवून कडक होत नाही, दाते लवकर बोथट होतात. पात्याला ४२० सारखं कडक होणारं स्टील, अंगाला ३०४, अशी आमची वाटणी झाली.

यंत्रं कुठे मिळतील

स्वतःचा थ्रीडी प्रिंटर लगेच घेऊ नका. विद्याविहारला सोमय्या संकुलातल्या 'रिडल' या नवउद्योग केंद्रात फॅब लॅब आहे, म्हणजे थ्रीडी प्रिंटर, लेझर अशी यंत्रं वापरायला मिळणारी कार्यशाळा. चुनाभट्टीला आयडेमी ही केंद्र सरकारची संस्था १९६९ पासून आहे. तिथे टूलरूम आहे, मापं तपासून मिळतात, चाचण्या होतात. आमच्या धंद्यात तिचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण नव्या मंडळींना कोणी सांगत नाही. पवईला आयआयटीत शिकणारं कोणी ओळखीचं असेल तर तिथल्या टिंकरर्स लॅबमध्ये काय काय आहे ते विचारा. या प्रकारच्या जागांचा मूळ पुरुष आपल्याच राज्यात आहे: पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. एस. एस. कलबागांनी उभ्या केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब सुरू झाली, अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिली. फॅब लॅब म्हणजे फार परदेशी, आपल्या आवाक्याबाहेरचं काही, असं वाटत असेल तर पाबळला जाऊन या.

थ्रीडी प्रिंटबद्दल तीन गोष्टी. पीएलए हे नेहमीचं प्लास्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडतं. गरम पाण्याने धुतलं की वाकडं. भोकं ड्रॉइंगपेक्षा किंचित लहान येतात, म्हणून एकात एक बसणाऱ्या भागांत ०.२ ते ०.४ मिलिमीटर ढील ठेवा. आणि प्रिंटच्या थरांच्या फटीत अन्न अडकून राहतं, म्हणून स्वयंपाकाच्या वस्तूचा प्रिंट फक्त आकार बघायला. त्यावर खवलेला नारळ खाऊ नका.

लेझर कटिंगला देताना पत्र्याची खरी जाडी मोजा. ३ मिलिमीटर म्हणून घेतलेलं अॅक्रिलिक बऱ्याचदा त्याहून कमी भरतं, आणि खाचा सैल होतात. पीव्हीसी लेझरखाली कधीच देऊ नका, त्यातून क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतो, माणसाला आणि यंत्राला दोघांनाही घातक.

गाळ्यात कसं बोलायचं

साकीनाक्याला खैरानी रोड, भांडुप, ठाण्याचं वागळे इस्टेट, वसई पूर्वेचे गाळे: कापणं, वाकवणं, वेल्डिंग, बफिंग, पावडर कोटिंग, सगळं जॉबवर्कवर, म्हणजे आपल्या मालावर मजुरी घेऊन, होतं. यंत्र सगळ्यांकडे असतं. आपल्याला हवा असतो तो एका नगासाठी यंत्र थांबवायला तयार असलेला माणूस.

त्याच्यासाठी माझे नियम आहेत. सॅम्पलचे पैसे द्या, आणि पहिल्या सॅम्पलला घासाघीस करू नका. "पुढे हजार नगांची ऑर्डर देतो" हे वाक्य त्याने इतक्यांदा ऐकलेलं असतं की ते म्हणताच तुमचं काम सगळ्यात खाली जातं. ड्रॉइंग द्याच, पण सोबत पुठ्ठ्याचा नमुनाही ठेवा. ड्रॉइंग चुकीचं वाचलं गेलं तरी हातात घेतलेली वस्तू चुकत नाही. कुठलं माप काटेकोर हवं आणि कुठलं सैल चालेल, हे लाल पेनाने खूण करून सांगा. सगळीच मापं काटेकोर मागितली की भाव तिप्पट होतो, आणि एकही काटेकोर येत नाही.

आणि त्याचं ऐका. आमच्या खवणीचा खालचा जबडा वेल्डिंगने जोडायचा होता. वाकवणारे उस्ताद पत्रा हातात घेऊन म्हणाले, "बेटी, जोड़ना क्यों? एक ही पट्टी मोड़ दो." एक वेल्डिंग वाचलं, एक सांधा वाचला, आणि गंजण्याची एक जागाही गेली. त्यांना आम्ही त्या सल्ल्याचे वेगळे पैसे दिले. त्यांनी आधी घेतले नाहीत, मग घेतले.

दुसऱ्यांच्या हातात द्या

पाच नग बनले की ते पाच घरांत पंधरा दिवसांसाठी द्या. नातेवाइकांना देऊ नका, ते कौतुक करतात. पहिल्यांदा वापरताना समोर बसा आणि तोंड बंद ठेवा. "अहो, उलटं धरलंय" असं म्हणायचा मोह होतो. पण उलटं धरलं गेलं हीच तर माहिती आहे.

वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या एका काकूंनी खवणी बसवली, एक नारळ खवला आणि ताईंकडे बघून म्हणाल्या, "पोरी, चांगली हाय, पण ताट कुठं ठेवू?" पात्याखाली परातीला जागाच नव्हती. ओट्याच्या कडेवर पातं, म्हणजे अर्धा कीस जमिनीवर. आम्ही चौघांनी, ताईंनी, उस्तादांनी, कोणीच हा विचार केला नव्हता. प्लायवर खवताना खाली ताईंच्या मुलाने ताट धरलेलं होतं! पातं चार इंच आत आणि तीन इंच वर न्यावं लागलं, त्यामुळे कडेवरचा जोर वाढला, म्हणून पट्टी जाड करावी लागली. आता विचार करा, डाय कापून झाली असती तर.

मुंबईची आणखी एक चाचणी आहे, ती फुकट आहे. नमुना आठवडाभर खिडकीच्या जाळीवर ठेवा, शक्यतो पावसाळ्यात आणि समुद्राच्या बाजूच्या घरात. साधं लोखंड दोन दिवसांत तांबूस होतं, झिंक केलेला बोल्ट आटे घासल्या जागी गंज धरतो, एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी, फुगतं, पुठ्ठ्याचा खोका मऊ पडतो. कोरड्या गावात वर्षभराने कळणाऱ्या गोष्टी इथे जुलैत आठवड्यात कळतात.

डाय, आणि डायच्या अलीकडचे रस्ते

आता माझा प्रांत. २०११ साली मी स्वतःच्या साबणदाणीची डाय स्वतःच कापली. धंद्यातला माणूस, मला कोण सांगणार? भिंत ५ मिलिमीटर जाड ठेवली, दणकट व्हावी म्हणून. उभ्या बाजूंना उतार दिला नाही, सरळ छान दिसतात म्हणून. पहिल्या शॉटपासून, म्हणजे डायमध्ये पहिल्यांदा प्लास्टिक भरल्यापासून, नग आत अडकायला लागले, आणि जे निघाले त्यांच्या पाठीवर खड्डे. जाड भाग सावकाश थंड होतो आणि आत ओढला जातो, हे मी दुसऱ्यांना रोज सांगत होतो. ती डाय अजून घरी पलंगाखाली आहे, अठ्ठावीस किलोची.

तेव्हा: प्लास्टिकची भिंत २ ते ३ मिलिमीटर आणि सगळीकडे सारखी, मजबुतीसाठी जाडी न वाढवता आतून बारीक रिब, म्हणजे आधाराच्या उभ्या पट्ट्या, द्या, उभ्या बाजूंना एक-दोन अंशांचा उतार. डायचा खर्च लाखाच्या घरात सहज जातो, आणि कापल्यावर धातू काढता येतो, परत घालणं अवघड. म्हणून शंका असेल तिथे वस्तूवर माल कमी ठेवा. डाय आणखी कापून वस्तू जाड करता येते.

पण पहिल्या शे-दोनशे नगांना डाय लागतेच असं नाही. पत्रा लेझरवर कापून वाकवला तर डाय नको. खवणीचं तसंच चाललंय. प्लास्टिकचे वीस-पंचवीस नग हवे असतील तर सिलिकॉनच्या साच्यात ओतून मिळतात.

डाय केलीत तर ती कोणाच्या मालकीची, दुरुस्ती कोणी करायची, कधी उचलून नेता येईल, हे कागदावर लिहून घ्या आणि डायवर तुमचं नाव कोरून घ्या. माझ्या एका मित्राची डाय मोल्डिंगवाल्याच्या गाळ्यात होती, गाळा भाड्याच्या भांडणात बंद पडला, कुलूप लागलं. डाय आपली आहे हे सिद्ध करायला त्याच्याकडे पावतीसुद्धा नव्हती.

कागदपत्रं, थोडक्यात

प्रदर्शनात मांडण्याआधी किंवा व्हिडिओ टाकण्याआधी ठरवा की वस्तूची नोंदणी करायची आहे का. एकदा जगाला दाखवली की तिचं नावीन्य कायद्याच्या नजरेत संपू शकतं. दिसण्याला डिझाइन नोंदणी, १० वर्षं आणि पुढे ५. चालण्याच्या युक्तीला पेटंट, २० वर्षं. आधी तात्पुरता अर्ज करून १२ महिन्यांत पूर्ण अर्ज देता येतो. व्यक्तीला पेटंटच्या ऑनलाइन अर्जाचं मूळ शुल्क १,६०० रुपये आहे, वकिलाचे वेगळे. पेटंट कार्यालय अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवनात. ताईंनी फक्त डिझाइनची नोंदणी केली, मला ते पटलं.

उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट आहे, आधारवर होते. पैसे मागणाऱ्या एजंटला नमस्कार करा. वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, पण माल राज्याबाहेर विकलात तर लागते. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, नग, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीचा संपर्क हवाच. आणि लहान मुलांची खेळणी करणार असाल तर जरा थांबा: १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, मोहोर सक्तीची आहे. तो खर्च आधीच धरा.

पैशांचं म्हणाल तर आयआयटीच्या 'साइन'सारख्या नवउद्योग केंद्रांमार्फत केंद्र सरकारच्या 'निधी प्रयास' योजनेतून नमुन्यासाठी १० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, पण त्यांना तंत्रज्ञानात काही नवं हवं असतं. खवणीला ती मिळाली नसती. उत्पादन सुरू करायला पीएमईजीपीमध्ये, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, ५० लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला बँकेचं कर्ज आणि अनुदान आहे. माझं मत विचाराल तर अनोळखी दहा जणांनी रोख पैसे मोजून वस्तू घेईपर्यंत कर्जाच्या अर्जाला हात लावू नका.

ज्यांच्याकडे वस्तू नाही, पण गाळा आहे

हे वाचणाऱ्यांत कोणी गाळेवाले, आयटीआयचे शिक्षक, निवृत्त फिटर असतील तर एक विनंती. महिन्यातला एक शनिवार दोन तास यंत्र उघडं ठेवा. उरलेल्या पत्र्याचे तुकडे भंगारात देण्याआधी एका खोक्यात टाका. नवख्याला सगळ्यात जास्त उपयोग होतो तो "हे असं होणार नाही, पण असं होईल" एवढं सांगणाऱ्याचा. "होणार नाही" पाशी थांबणारे त्याला आधीच भरपूर भेटलेले असतात.

पहिले पन्नास

प्रत्येक नगावर पंचने नंबर ठोका आणि तो कोणाला दिला ते वहीत लिहा. किंमत ठरवताना माल आणि मजुरीबरोबर खराब गेलेले नग, खोका, टेम्पो आणि दुकानदाराचा वाटा धरा. ताईंनी पहिल्यांदा स्वतःची मजुरी धरलीच नव्हती, लेथवाले काका त्यांच्यावर चक्क ओरडले.

दिवाळीआधीच्या ग्राहकपेठेत एकेचाळीस खवण्या गेल्या. दोन परत आल्या. एकीचा दाता वाकला होता, ती बदलून दिली. दुसरी, तेवीस नंबरची, "घसरते" म्हणून आली होती. आमच्याकडे लावून बघितली तर घट्ट. शेवटी ताई त्यांच्या घरी मुलुंडला गेल्या. ओट्याची कड गोल घासलेली होती, अर्ध्या वर्तुळासारखी, आणि सपाट जबडा तिला एका रेषेवरच टेकत होता. आमच्या नऊ ओट्यांत गोल कड एकही नव्हती. आता खोक्यात मऊ रबराची एक जास्तीची जाड पट्टी टाकतो आणि ताईंची वही चौदाव्या ओट्यावर आहे.